जिलेटिनच्या ठोकळ्यात .३२ ची गोळी : कोल्हापुरातला प्रयोग

उद्यमनगरकर

'.३२ ने माणूस थांबतो का' (.३२ म्हणजे सुमारे ०.३२ इंच व्यासाची गोळी) यावर इथं वर्षातून एकदा तरी जुंपते. कुणाच्या काकांच्या रिव्हॉल्व्हरनं पत्र्याच्या डब्याला आरपार भोक पडलेलं असतं, कुणाची गोळी बाभळीच्या ओंडक्यात रुतून बसलेली असते. डब्यावरून नि ओंडक्यावरून शरीराबद्दल शून्य कळतं. म्हणून आम्ही तिघांनी जिलेटिनचा ठोकळा करून बघायचं ठरवलं. मी परवानाधारक, दुसरा सेंटर फायर पिस्तूलवाला नेमबाज, तिसरा फौंड्रीतला केमिस्ट. पिस्तुलाचा गोळीबार सगळा रेंजवर, लेखी परवानगी काढून, तिथल्या अधिकाऱ्यांसमोर. रेंज कुठली ते विचारू नका, उद्या तिथं रांग लागेल.

गोळी मारणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. खरं काम ठोकळ्याचं.

प्रमाण वजनानं १० टक्के. १५ × १५ × ४० सेंमीचा ठोकळा म्हणजे ९ लिटर, म्हणून ९०० ग्रॅम पावडर आणि ८.१ लिटर पाणी. पावडर २५० ब्लूमची (ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप) हवी. बेकरीचं सामान मिळतं तिथल्या पाकिटावर ब्लूम लिहिलेलाच नसतो, तो नाद सोडा. औषधी कॅप्सूलवाल्यांना माल देणाऱ्यांकडे मिळते. गार पाण्यात पावडर भुरभुरत टाकायची आणि दोन तास फुगू द्यायची. मग पातेलं गरम पाण्यात ठेवून हळूहळू विरघळवायचं. थेट गॅसवर ठेवायचं नाही. मिश्रण ४० अंशांच्या वर गेलं की जिलेटिनची ताकद उतरते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दालचिनीच्या तेलाचे थोडे थेंब टाकले की फेस बसतो आणि ठोकळा लवकर नासत नाही. साच्यातून काढल्यावर दिसायला अगदी खरवस. केमिस्टच्या आईनं खरोखरच विचारलं, वेलदोडा घातलाय का म्हणून.

पुढची अडचण आपल्या हवेची. ठोकळा ४ अंशांना स्थिरावलेला लागतो, आतपर्यंत. घरच्या फ्रिजमध्ये ९ किलोचा गोळा मावत नाही आणि मावला तरी दार उघडझाप होत राहते. ओळखीच्या डेअरीचा कूलर मिळाला, तिथं दोन दिवस ठेवले. तिथून रेंजवर थर्माकोलच्या पेटीत, बर्फासकट. जानेवारीतली सकाळ निवडली, तरी पेटीतून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पृष्ठभाग मऊ पडायला लागतो. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात हा प्रयोग कुणी उघड्यावर केल्याचं सांगितलं तर त्याचे आकडे मी वाचणार पण नाही.

आता कॅलिब्रेशन, ज्याच्याशिवाय बाकी सगळं वाया. ४.५ मिमीची स्टीलची बीबी, म्हणजे एअरगनचा गोल छर्रा, सेकंदाला १८० मीटरच्या आसपास वेगानं ठोकळ्यात मारायची. ती ८.५ सेंमी आत जाऊन थांबली पाहिजे, इकडेतिकडे १ सेंमी चालतो. जास्त गेली तर ठोकळा मऊ, कमी गेली तर कडक. ही पद्धत अमेरिकन लष्कराचे सर्जन डॉ. मार्टिन फॅकलर यांनी रूढ केली. व्हिएतनाममध्ये जखमा शिवलेला माणूस; पुढे १९८१ पासून सॅन फ्रान्सिस्कोत लष्कराच्या जखमशास्त्र प्रयोगशाळेचं काम बघितलं. डुकराच्या मांडीच्या स्नायूत गोळी जेवढी जाते तेवढीच या जिलेटिनमध्ये जाते, हे त्यांनी ताडून दाखवलं. म्हणजे ठोकळ्यामागं काहीतरी आधार आहे, नुसतं यूट्यूबवरचं प्रकरण नाही.

आमच्या तीन ठोकळ्यांपैकी दोन पट्ट्यात बसले. तिसऱ्यात बीबी पार १० सेंमीच्या पुढं गेली, तो बाजूला ठेवला.

निकाल (एसीपी आणि एस अँड डब्ल्यू लाँग ही .३२ च्या काडतुसांची नावं) :

.३२ एसीपी पिस्तूल, ७१ ग्रेन (सुमारे ४.६ ग्रॅम), पूर्ण जॅकेटवाली (शिशावर धातूचं आवरण असलेली) गोळी. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सेकंदाला २६५ मीटरच्या आसपास. पहिला ४० सेंमीचा ठोकळा पार करून मागच्या ठोकळ्यात शिरली, एकूण ४५ ते ५० सेंमी. निम्म्या वाटेवर गोळी आडवी होऊन उलटी फिरते आणि बूड पुढं करून थांबते, ते मार्गावरून स्वच्छ दिसतं. आकार जसाच्या तसा. पुसून परत पुंगळीत बसवावी अशी.

.३२ रिव्हॉल्व्हर (एस अँड डब्ल्यू लाँग), ९८ ग्रेन शिशाची गोल नाकाची. वेग २०५ च्या आसपास. ४० च्या अलीकडंपलीकडं थांबली, जवळजवळ सरळ रेषेत. फुलणं (नाक पसरून गोळी रुंद होणं) वगैरे काही नाही.

जीनच्या कापडाचे चार थर पुढं लावूनही बघितलं. दोन्हीत म्हणावा असा फरक नाही.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेची अपेक्षा गोळी जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच जावी अशी, म्हणजे ३० ते ४५ सेंमी. त्या हिशोबानं .३२ 'पोचत नाही' हे आपल्याकडचं लाडकं मत निदान या काडतुसांपुरतं टिकत नाही. उलट पिस्तुलाची गोळी जास्तच जाते. शिवाजी पेठेतल्या बोळात राहणाऱ्यानं 'गोळी कमी पडेल का' यापेक्षा 'पलीकडं कोण आहे' ही काळजी आधी करावी.

विचारा काय विचारायचं ते.

तांबडा_पांढरा

जगात भारी! वाचनखूण साठवली. फोटो टाका की राव.

उद्यमनगरकर

रेंजवर फोटोला परवानगी नव्हती. ठोकळ्याचे घरचे आहेत, पण ते खरवसाचे म्हणून खपतील.

पन्हाळगड_पायथा

एक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा शाडूची माती का नाही? गंगावेशीत पाहिजे तेवढी मिळते, फ्रिज नको, बर्फ नको. मातीत गोळी मारली की केवढा मोठा खड्डा पडतो, ताकद लगेच कळते.

केमिस्ट_गोशि

उद्यमनगरकरांच्या टीममधला तिसरा मीच.

शाडूत खड्डा मोठा पडतो म्हणूनच शाडू नको. गोळी जाताना भोवतालचा भाग क्षणभर बाजूला ढकलला जातो, तात्पुरती पोकळी तयार होते. स्नायू लवचिक असतो, तो परत जागेवर येतो. जिलेटिनही येतं. माती येत नाही, ती जिथं ढकलली तिथंच राहते. म्हणजे मातीत तुम्हाला क्षणभराची पोकळी कायमची जखम म्हणून दिसते आणि साधी गोळीसुद्धा तोफ वाटायला लागते. हत्यारांच्या जाहिरातींत मातीचे आणि साबणाचे ठोकळे दिसतात त्याचं कारण समजून घ्या.

मातीसारख्या पदार्थाचा खरा उपयोग बुलेटप्रूफ जाकिटाच्या चाचणीत. जाकिटामागं प्लॅस्टिसीन ठेवतात आणि गोळी अडल्यावर मागं किती खोल दाब पडला ते मोजतात. अमेरिकन मानकात ४४ मिमी ही मर्यादा. तिथं माती परत येत नाही हाच गुण ठरतो.

पाण्याचे कॅनही लोक वापरतात. पाण्यात गोळी जिलेटिनच्या दीडपट किंवा त्याहून जास्त जाते, त्यामुळं ढोबळ अंदाज येतो, मार्ग मात्र दिसत नाही.

ब्लूमबद्दल व्यनि (खाजगी निरोप) आलेत म्हणून इथंच सांगतो. ६.६७ टक्क्यांचं जेल १० अंशांना ठेवायचं आणि १२.७ मिमी व्यासाचा दट्ट्या त्यात ४ मिमी दाबायचा. त्याला जेवढे ग्रॅम भार लागेल तेवढा ब्लूम. ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसानं १९२५ मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं. जेलीच्या गोळ्या करणारे कारखाने रोज हेच मोजतात.

कायद्याचं_बोला

धागा चांगला आहे, पण वाचून कुणी उद्या उसाच्या फडात ठोकळा मांडायच्या आधी चार गोष्टी.

आत्मसंरक्षणाचा परवाना म्हणजे शेतात हौसेनं गोळ्या उडवायचा परवाना नव्हे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा वरातीत-समारंभात जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, उडवलेल्याचा हिशोब मागितला जातो. आपल्याकडं परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो आणि नूतनीकरणाच्या वेळी पोलीस अहवाल येतो. त्या अहवालात 'शेतात गोळीबार' असा शब्द आला की पुढचं मी सांगायला नको.

धागाकर्त्यांनी रेंजवर, लेखी परवानगीनं केलं हे योग्य केलं. बाकीच्यांनी तो भाग वगळून वाचू नये.

राधानगरी_एक्सप्रेस

आमच्याकडं शेतीसंरक्षणाच्या बारा बोअर आहेत, गव्यासाठी आणि डुकरासाठी. त्याचंपण करा की असं. गवा रानातनं उसात उतरला की हजाराचं नुकसान करून जातोय.

कायद्याचं_बोला

गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे साहेब. हवेत बार काढून हुसकावणं वेगळं. ठोकळ्यात मारून बघायची गरजच पडू नये.

राधानगरी_एक्सप्रेस

हुसकावायलाच म्हणतोय ओ. मारतंय कोण.

दहा_पूर्णांक_नऊ

मी सेंटर फायरवाला. प्रयोगाच्या दिवशी माझीही काडतुसं वापरली, ते उद्यमनगरकरांनी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं .३२ म्हणजे म्हाताऱ्या सावकाराचं हत्यार. पण २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत जगभरचे नेमबाज .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच वापरतात, फक्त गोळी वॉडकटर. म्हणजे नाकच नाही, पुढून सपाट, पुंगळीच्या तोंडाशी बरोबर बसवलेली. कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं, गुण मोजताना वाद होत नाही. राही सरनोबतताईंचा २०१८ च्या आशियाई स्पर्धेतला सुवर्णपदकाचा प्रकार २५ मीटर पिस्तूलच, पण तो .२२ चा.

ठोकळ्यात वॉडकटरनं गंमत केली. वेग रिव्हॉल्व्हरच्या गोल नाकाच्या गोळीइतकाच किंवा थोडा जास्त, पण सपाट तोंडामुळं मार्ग जास्त रुंद आणि कापल्यासारखा. गोल नाकाची गोळी जेलला बाजूला सारत जाते, तिच्यामागं मार्ग जवळजवळ मिटतो. हिचा मिटत नाही. वळली नाही, उलटली नाही. खोली ३५ सेंमीच्या पुढं.

म्हणून मला तरी फुलणाऱ्या गोळीपेक्षा गोळीच्या तोंडाचा आकार हा .३२ मध्ये महत्त्वाचा विषय वाटतो. कमी वेगात फुलणारी गोळी एकतर फुलत नाही, नाहीतर फुलते आणि लगेच थांबते. १३०-१६० ज्यूलमध्ये दोन्ही गोष्टी मागणं म्हणजे जरा जास्तच. ९ मिमीकडं ४८०-४९० ज्यूल असतात, त्यांना परवडतं. आणि ९ मिमी आपल्या हातात नाही, प्रतिबंधित बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारा.

मंगळवारपेठी

१२ इंच कशाला पाहिजेत पण? माणसाची छाती पुढून मागं नऊ-दहा इंच असंल. हृदय तर त्याच्याही अलीकडं. सहा इंचात काम झालं की.

डॉक्टर_वैद्यबुवा

हा प्रश्न नेहमी येतो आणि याचं उत्तर एका घटनेत आहे. ११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एकाला ९ मिमीची फुलणारी गोळी सुरुवातीलाच लागली. पण ती आधी दंडातून गेली आणि मग छातीत शिरली. फुप्फुसातून जाऊन हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडं थांबली. जखम जीवघेणीच होती, तरी तो पुढं काही मिनिटं लढत राहिला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. त्यानंतर एफबीआयनं जिलेटिनची चाचणी नव्यानं बांधली आणि १२ इंच ही खालची मर्यादा धरली.

माणूस छाती पुढं करून उभा राहत नाही. हात आडवा येतो, तो तिरका असतो, वाकलेला असतो. तालमीतला पैलवान आडवा उभा करा आणि दंडापासून हृदयापर्यंत टेप लावून बघा, मग सहा इंच पुरतात का ते सांगा.

दुसऱ्या बाजूनंही सांगतो, कारण ठोकळ्याची भक्ती वाढायला नको. मी शल्यचिकित्सक आहे, गोळ्यांच्या जखमा मोजक्या पण बघितल्यात. शरीर एकजीव नाही. फुप्फुस हवेनं भरलेलं, त्यातून गोळी फारशी मंदावत नाही. यकृत लवचिक नाही, ते फाटतं. हाड लागलं तर दिशा, आकार, सगळंच बदलतं. आणि त्वचा चिवट असते. गोळी आतून बाहेर येताना त्वचेला ताणते आणि तिथंच अडकते. पलीकडच्या बाजूला कातडीखाली बोटाला लागते, एवढासा छेद देऊन काढता येते. ठोकळ्याला कातडी नाही. त्यामुळं ठोकळ्यात ४८ सेंमी गेली म्हणून माणसातून आरपार जाईलच असं नाही.

तात्पुरत्या पोकळीबद्दलही केमिस्टसाहेबांच्या पुढं एक पाऊल. पिस्तुलाच्या वेगाला ती पोकळी बहुतेक अवयव सहन करतात. रायफलचा वेग त्याच्या दुपटी-तिपटीचा, तिथं गोष्ट वेगळी. पिस्तुलाची गोळी इजा करते ती मुख्यतः ज्याला प्रत्यक्ष चिरडत जाते त्याला. 'धक्क्यानं माणूस उडून पडतो' हे सिनेमापुरतं.

शांततेचा_कट्टा

सगळं वाचलं. माफ करा, पण माणूस किती खोल भोसकला जातो याची चर्चा इतक्या उत्साहात चाललेली बघून कसंतरी झालं. खरवस काय, वेलदोडा काय. संपादक मंडळानं विचार करावा.

उद्यमनगरकर

कसंतरी होणं मला समजतं, आणि तुमच्यासाठी सूर बदलून लिहिणार नाही, कारण मग खोटं होईल. माझ्याकडं हत्यार आहे. ते घरात असताना त्याची गोळी भिंत, दार, माणूस यांतून कुठवर जाते हे माहीत नसणं मला जास्त कसंतरी वाटतं. प्रयोगानंतर माझ्या घरात एक बदल झाला : कपाटाची जागा बदलली. पूर्वी ते मुलांच्या खोलीच्या भिंतीसमोर होतं.

डॉक्टर_वैद्यबुवा

शांततेचा_कट्टा, आक्षेप जुना आणि योग्य आहे, त्यामुळं इतिहास सांगतो. १९०४ साली अमेरिकेत थॉम्पसन आणि लगार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी हीच चाचणी शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जिवंत जनावरांवर आणि टांगलेल्या प्रेतांवर केली. त्यांच्या अहवालावरून .४५ चा आग्रह धरला गेला. जनावरागणिक निकाल वेगळा, गोळ्यांची संख्या थोडी, निष्कर्ष मात्र मोठा. जिलेटिन आल्यावर ते थांबवायची सोय झाली, आणि दुसऱ्याला तोच प्रयोग करून पडताळताही येतो.

गंगावेस_ते_डमडम

फुलणारी गोळी म्हटलं की आपल्या देशाचं नाव जोडलेलं आहे हे कुणी लिहिलंच नाही. कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रशाळेत १८९० च्या दशकात नाक उघडं ठेवलेली रायफलची गोळी तयार झाली, सरहद्दीवरच्या टोळ्यांसाठी. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली. ती बंदी देशादेशांतल्या युद्धापुरती, पोलिसांना लागू नाही. म्हणून आजही बाहेरच्या देशांत पोलीस फुलणारी गोळी वापरतात आणि सैन्य पूर्ण जॅकेटवाली. योगायोग बघा, .३२ एसीपी काडतूसही ब्राउनिंगच्या पिस्तुलासोबत त्याच १८९९ चं.

तांबडा_पांढरा

मला एक करून बघायचंय, फक्त बीबीचा भाग. एअरगनला परवाना लागत नाही ना? माझ्याकडं .१७७ ची ब्रेक बॅरल रायफल आहे. स्टील बीबी ऑनलाइन मिळतात.

दहा_पूर्णांक_नऊ

थांबा. तुमच्या रायफलच्या नळीत आटे आहेत, ती शिशाच्या पेलेटसाठी. स्टीलची बीबी घातली की आटे खरवडून निघतील आणि बीबी सरळही जाणार नाही. बीबीसाठी गुळगुळीत नळीची गन लागते. पेलेट मारून 'कॅलिब्रेशन झालं' म्हणता येत नाही, कारण पेलेटचं वजन, आकार, मऊपणा सगळंच वेगळं.

आणि वेग मोजल्याशिवाय उपयोग नाही. बाजारातली बहुतेक गॅसवाली बीबी पिस्तुलं १८० पर्यंत पोचत नाहीत, १२०-१३० ला दमतात. आम्ही पंप मारायची गन वापरली, पंपांची संख्या कमीजास्त करत क्रोनोग्राफवर १८० ला आणली. चष्मा घाला. ठोकळा चुकून बीबी टेबलाच्या लोखंडावर लागली तर सरळ तोंडावर परत येते.

कायद्याचं_बोला

परवान्याचं : ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानामुक्त. १८० च्या वेगाची बीबी साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते, त्यामुळं त्या बाजूनं अडचण नाही. शेजाऱ्याच्या खिडकीची जबाबदारी तुमची.

पन्हाळगड_पायथा

ते पारदर्शक ठोकळे मिळतात की व्हिडिओत, फ्रिज न लागणारे. ते का नाही आणले?

केमिस्ट_गोशि

ते जिलेटिन नव्हेच. खनिज तेल आणि रबरासारखं पॉलिमर. काचेसारखं स्वच्छ, उन्हात टिकतं, वितळवून परत ओततात. आपल्या हवेला सोयीचं, यात वाद नाही. पण त्यात गोळी बऱ्याचदा जास्त खोल जाते, आणि फुलणारी गोळी जेवढी जिलेटिनमध्ये फुलते तेवढी फुलेलच असं नाही. दोन गोळ्या एकाच ठोकळ्यात मारून एकमेकींशी तुलना करायला चालेल. त्यातला आकडा घेऊन एफबीआयच्या १२-१८ शी लावणं चूक. व्हिडिओवाले नेमकं तेच करतात.

नेटवरचे युरोपातले निकाल वाचतानाही एक बघा, ठोकळा किती टक्क्यांचा आहे. तिकडं २० टक्के, १० अंशांना, असंही मानक चालतं. तो जास्त घट्ट, गोळी कमी जाते. टक्के आणि तापमान न लिहिता नुसती खोली लिहिली असेल तर पान बंद करा.

मंगळवारपेठी

डॉक्टर, टेप लावून बघितली. आमच्या तालमीतल्या एकाला आडवा उभा केला. दंडाच्या बाहेरून छातीच्या मध्यापर्यंत अकरा इंच भरलं. गप्प बसतो.

डॉक्टर_वैद्यबुवा

त्याला कशासाठी मोजलं ते सांगितलं का?

मंगळवारपेठी

जर्सी शिवायचीय म्हटलं.

राधानगरी_एक्सप्रेस

उरलेल्या ठोकळ्याचं काय केलं? वितळवून परत वापरता येतोय का?

उद्यमनगरकर

वितळवता येतो, पण दरवेळी ताकद थोडी उतरते, मग परत बीबी मारून बघा. आम्ही नाही वापरला. शिशाच्या गोळ्यांचे कण आत राहतात, म्हणून गुरांना, कुत्र्यांना घालायचा नाही, शेतात टाकायचा नाही. पातेलं, साचा, गाळणी हे सगळं आता प्रयोगाचंच. स्वयंपाकघरात परत जाणार नाही. गोळ्या आणि पुंगळ्या मोजून रेंजवरच जमा केल्या, नोंदवहीत सही केली. बाजूला ठेवलेला तिसरा ठोकळा केमिस्टनं कापून बघितला. मधोमध पावडर नीट न फुगल्यानं गुठळ्या होत्या.

पुढच्या थंडीत प्लायवूडचं दार आणि साडेचार इंची विटेची भिंत मधे घालून बघायचा विचार आहे. कुणाकडं जुन्या वाड्याच्या पाडकामातल्या पांढऱ्या मातीच्या विटा असतील तर व्यनि करा, आणून न्यायची सोय आमची.